बाईचा वेळ कुणी कापला?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात चित्रपट दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री आपण सगळ्यांनी मिळून एक चित्रपट बघितला. ‘सगळ्यांनी’ हे तितकंसं खरं नाही. सुरुवातीला ही खोली भरलेली होती. मध्ये चहाला उठलेल्या काहीजणी परत आल्याच नाहीत. शेवटी दिवे लागले तेव्हा मी मोजलं, आपण एकोणीसजणी उरलो होतो आणि त्यातल्या दोघी गाढ झोपल्या होत्या. माझी याबद्दल तक्रार नाही. दिवसभर सत्रं, त्याआधी एसटीचा प्रवास, त्याच्याही आधी घरचं सगळं उरकून निघणं. झोप येणारच.

पण चपला घालता घालता एक मावशी जे म्हणाल्या, त्यावरून आज बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, ‘‘बाई बटाटे सोलते, त्यात काय बघायचं? ते मी घरी रोजच करते. मला वाटलं, उठावं आणि तिच्या हातातली सुरी घेऊन आपणच सोलून द्यावेत!’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. मग अंथरुणावर पडल्यावर वाटलं, मावशी दोन गोष्टी एकदम बोलून गेल्या. पहिली, घरकाम ही बघण्याजोगी गोष्ट नाही. दुसरी, त्यांचे हात शिवशिवले. म्हणजे त्या नुसत्या बघत नव्हत्या, मनातल्या मनात कामालाच लागल्या होत्या. या दोन्हींचा संबंध चित्रपटाच्या गोष्टीशी आणि तिच्या गतीशी कसा लागतो, ते आपण बघू. त्याआधी आमच्याच गटाची एक चूक सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, व्हीएचएसच्या टेपा होत्या तेव्हा, आम्ही पाणीटंचाईवर एक छोटी फिल्म केली होती. एका वाडीत गेलो. पहाटे एका बाईबरोबर निघालो, झऱ्यापाशी नंबर लावला, वाटीवाटीनं हंडा भरताना बघितलं, चढ चढून घरी आलो, पुन्हा गेलो. तिच्या तीन खेपांना अडीच तास लागले. कॅमेरा आमच्या मैत्रिणीच्या खांद्यावर होता आणि तिनं मन लावून चित्रण केलं. मग शहरात येऊन तासाच्या भाड्यानं एडिटिंगची खोली घेतली. पैसे थोडे, वेळ थोडा, फिल्म वीस मिनिटांत बसवायची. अडीच तासांचं आम्ही काय केलं? झऱ्यापाशी रिकामा हंडा, चढावर डोक्यावर हंडा, घरात ओतलं जाणारं पाणी, अशी तीन दृश्यं जोडली आणि खाली ओवीची चाल टाकली. एकूण अकरा सेकंद. एका साहेबांची मुलाखत मात्र जवळजवळ चार मिनिटं ठेवली, कारण ते ‘महत्त्वाचं’ बोलले होते.

फिल्म घेऊन आम्ही वाडीत गेलो. सगळ्यांनी कौतुकानं बघितली. ती बाई शेवटी म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या पिच्चरमधी पाणी लई लवकर आलं की!’’

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच गंमत वाटली होती. पण आमचे चेहरे उतरले. ज्या वेळेच्या लुटीबद्दल आम्ही फिल्म काढली होती, तो वेळ आम्हीच कापून टाकला होता.

आता हा ‘कापणं’ शब्द नीट बघू. चित्रपट म्हणजे काय घ्यायचं आणि काय गाळायचं याचा निवाडा. नायक घरातून निघतो आणि पुढच्या क्षणी कचेरीत असतो. मधला रस्ता कुणी दाखवत नाही आणि त्यात वावगं काहीच नाही, नाहीतर एकेक चित्रपट आठवडाभर चालेल. प्रश्न असा आहे की ‘इथं काही घडत नाही, कापा’ हे कशावरून ठरतं? आपल्या नेहमीच्या पडद्यावर प्रेम जमणं ही घटना असते. मारामारी घटना असते. बलात्कारसुद्धा घटना असते आणि तो पुष्कळदा नको इतका लांबवून दाखवतात. भांडी घासणं ही घटना नसते. आई स्वयंपाकघरातून बाहेर येते तेव्हा हातात भरलेलं ताट असतं. ते ताट भरेपर्यंतचे दोन तास कापलेले असतात. घरात जे मोजलं जात नाही, तेच पडद्यावर कापलं जातं.

काल बघितलेल्या चित्रपटानं नेमका हा निवाडा उलटा केला. ज्या झोपल्या होत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चित्रपट १९७५ सालचा, बेल्जियममधला. दिग्दर्शिका शांताल आकरमान. जन्म १९५० चा, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा ती पंचविशीत होती. २०१५ साली ती वारली. चित्रपटाचं नाव ‘जान दिएलमान, २३, के द्यू कॉमेर्स, १०८० ब्रुसेल’. एका बाईचं नाव आणि पुढे तिचा पूर्ण पत्ता. रेशनकार्डावर असावा तसा. लांबी २०१ मिनिटं, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं.

जान विधवा आहे. शाळेत जाणारा एक मुलगा आहे. फ्लॅट छोटा, मुलगा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. चित्रपटात तिचे तीन दिवस दिसतात. ती उठते, मुलाच्या बुटांना पॉलिश करते, कॉफी करते, त्याला शाळेत पाठवते, भांडी घासते, बिछाना आवरते, बाजारात जाते, शेजारणीचं तान्हं बाळ थोडा वेळ सांभाळते. दुपारी बटाटे उकडायला ठेवते. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. रोज एक पुरुष येतो. त्याची टोपी-कोट घेऊन ती त्याला आतल्या खोलीत नेते. तो पैसे देऊन जातो. पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकते आणि त्याच पैशांवर घर चालतं. तो जातो तोवर बटाटे शिजलेले असतात. मग ती अंघोळ करते, न्हाणीचं टब घासते, टेबल मांडते, मुलगा येतो, दोघं जेवतात.

आता इथं कात्री कुठे चालली आहे ते बघा. बटाटे सोलणं, भांडी घासणं, खिमा मळणं हे सगळं ती करते तितका वेळ आपण बघतो. कॅमेरा एका जागी उभा, समोरून, फार उंचावरून नाही, हलत नाही, जवळ जात नाही. पण गिऱ्हाईक आलं आणि खोलीचं दार बंद झालं की आपण बाहेर बोळात. बोळातला उजेड एकदम कमी होतो, दार उघडतं, तो माणूस कोट मागतो. कापलं! ज्यावर एरवीचा सिनेमा रेंगाळला असता ते तिनं कापलं, आणि एरवी जे कापलं गेलं असतं त्यावर ती थांबली. आकरमाननं मुलाखतींतून सांगितलेलं आहे की पडद्यावरच्या प्रतिमांमध्येही उच्चनीच असते. चुंबन आणि मोटारीचा अपघात वरच्या पायरीवर, भांडी घासणं तळाला. आणि समाजात बाईची जी पायरी आहे तिच्याशी याचा संबंध आहे.

‘‘मग गोष्ट कुठे आहे?’’ हा काल विचारलेला दुसरा प्रश्न. गोष्ट आहे आणि ती फार घट्ट विणलेली आहे. फक्त ती बोलण्यातून पुढे जात नाही, क्रमातून जाते. पहिल्या दिवशी चित्रपट आपल्याला जानचं वेळापत्रक शिकवतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा. पैसे टाकले की भांड्यावर झाकण ठेवायचं. कपबशी अमुक जागी. आपल्याला कळतसुद्धा नाही, पण दिवस संपेपर्यंत तिचं घर आपल्या अंगात बसलेलं असतं. सून नव्या घरात आल्यावर सासूची पद्धत शिकते, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक जातं आणि काहीतरी बिनसलेलं असतं. काय, ते कुणी सांगत नाही. तिचे केस विस्कटलेले राहतात. बटाटे गळून गेलेले असतात. ते पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, कुठं ठेवावं ते तिला कळत नाही. काल त्या क्षणी इथं बसलेल्या दोघीतिघींच्या तोंडून ‘‘अगं बाई!’’ निघालं. मी ऐकलं! कुणाचा खून झाला नव्हता, घर जळालं नव्हतं. बटाटे जास्त शिजले होते आणि आपल्या पोटात गोळा आला. आदल्या दिवसाचा तो सगळा वेळ जर कापून दाखवला असता, तर या बटाट्यांना काही किंमत राहिली असती का? पहिल्या दिवशीचा कंटाळा हे भांडवल होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर व्याज मिळालं.

पुढे तिसऱ्या दिवशी धागा उसवतच जातो. अंगातल्या झग्याचं एक बटण लावायचं राहतं. हातातून चमचा पडतो. कॉफी कडवट लागते, ती ओतून देऊन पुन्हा करते, तरी जमत नाही. नेहमीच्या कॅफेत तिच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली असते. बाळाला उचलून घेते तर ते रडायचं थांबत नाही. आणि मधूनमधून तिला चक्क रिकामा वेळ मिळतो. काम आधीच उरकलेलं असतं आणि ती खुर्चीत नुसती बसून राहते. आपल्यापैकी कितीजणींना ते बसणं ओळखीचं आहे! कामात असेपर्यंत बरं असतं. हात थांबले की जे दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं.

मग तिसरं गिऱ्हाईक. या वेळी पहिल्यांदाच दार आपल्यासाठी उघडतं आणि कॅमेरा आत जातो. तिथं तिच्या शरीराला, तिच्या इच्छेविरुद्ध म्हणा, काहीतरी जाणवतं. जे तिच्या वेळापत्रकात नव्हतं. ती उठते, कपडे नीट करते, आणि कात्रीनं त्या माणसाला मारते. हे दृश्य फार लांबवलेलं नाही. त्यानंतर मात्र ती जेवणाच्या टेबलापाशी अंधारात बसते. हातावर रक्त, भिंतीवर रस्त्यावरच्या निऑनचा निळा उजेड मिणमिणतो, आणि सहा-सात मिनिटं आपण तिच्याबरोबर नुसत्या बसतो. खुनाला जेमतेम वेळ आणि बसण्याला इतका. याही ठिकाणी तिनं आपला निवाडा बदललेला नाही.

हे काम एकटीचं नव्हतं. कॅमेरा बाबेत माँगोल्तचा, संकलन पात्रिसिया कानिनोचं, आणि तंत्रज्ञांमध्ये बहुसंख्य बाया होत्या. १९७५ साली युरोपातही ही साधी गोष्ट नव्हती. आकरमान १९७१-७२ च्या सुमारास न्यूयॉर्कला राहिली होती. तिथं तिनं मायकल स्नो वगैरेंचे प्रायोगिक चित्रपट बघितले. त्यांत गोष्ट नसते, पात्रं जवळजवळ नसतात, आणि तरी कॅमेरा आणि वेळ एवढ्यावर ताण निर्माण होतो. ते तंत्र तिनं उचललं आणि आपल्या आईच्या, मावशी-आत्यांच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. तिची आई आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेली होती. घरात त्याबद्दल बोलणं नव्हतं. हे माहीत झालं की जानच्या त्या काटेकोर शिस्तीकडे मी तरी वेगळ्या नजरेनं बघते. दिवसाचा तास न् तास भरून टाकायचा, म्हणजे भीतीला शिरायला फट राहत नाही.

जानचं काम करणारी देल्फीन सेरिग ही त्या काळची नावाजलेली नटी. चित्रण चालू असताना सामी फ्रे यानं व्हिडिओ कॅमेऱ्यावर जे टिपून ठेवलं, ते पुढे २००४ मध्ये फिल्म म्हणून बाहेर आलं. त्यात या दोघींची चर्चा बघायला मिळते. एखादी बारीकशी कृती किती सावकाश करायची, ती करताना या बाईच्या मनात काय असेल, यावर दोघी हटून बसतात. ज्या कामाला आपल्याकडे ‘त्यात काय एवढं’ म्हणतात, त्याची अशी तालीम!

याच सेरिगनं स्वतःही हातात कॅमेरा घेतला होता, आणि तिथं वेळेचा वापर अगदी उलटा केला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या माणसाला वाहून नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला. टेप स्वस्त, पुसून पुन्हा वापरता येणारी, आणि चित्रण लगेच तिथल्या तिथे बघता येणारं. फ्रान्समध्ये कारोल रुसोपुलोस ही तो सुरुवातीला वापरणाऱ्यांपैकी एक. तिनं, सेरिगनं आणि आणखी मैत्रिणींनी मिळून गट केला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. ते संपता संपता फ्रेंच टीव्हीवर एक कार्यक्रम झाला, त्याच्या नावातच ‘सुटलो एकदाचे, महिला वर्ष संपलं’ असा भाव होता. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या मंत्रिणबाई पाहुण्या होत्या. पुरुष एकामागून एक बायकांवर विनोद करत होते आणि बाई हसून वेळ मारून नेत होत्या.

या मैत्रिणींनी तो कार्यक्रम टेपवर उतरवून घेतला. मग जिथं टोमणा आला तिथं चित्र थांबवलं. वाक्य मागे नेलं, पुन्हा ऐकवलं, पुन्हा ऐकवलं. मध्ये हातानं लिहिलेल्या पाट्या घातल्या, गाणी घातली, बाईंच्या उत्तराला आपलं उत्तर जोडलं. या टेपचं नाव ‘मासो आणि मिसो नौकाविहाराला जातात’. मासो म्हणजे स्वतःचा छळ गोड मानून घेणारी, मिसो म्हणजे बायकांचा द्वेष करणारा. बघताना हसून हसून पुरेवाट होते. पण यातली युक्ती बघा. टीव्हीचा सगळा जोर त्याच्या वेगात असतो. टोमणा येतो, हशा पिकतो, पुढचा विषय सुरू. आपण ‘हे काय बोललात?’ म्हणेपर्यंत वेळ गेलेली असते. घरातही असंच होतं ना? दिराची कोपरखळी, सगळे हसतात, आणि तू एकटी थांबलीस तर ‘हिला गंमत कळत नाही’. या बायांनी तो वेग मोडला. थांब. मागे जा. काय म्हणालास, परत म्हण. पुढे १९८२ मध्ये रुसोपुलोस, सेरिग आणि इयोआना विदेर यांनी पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हारच्या नावानं दृक्‌श्राव्य केंद्र काढलं, आणि बायकांच्या अशा टेपा जपायला सुरुवात केली.

तिसरं उदाहरण १९७५ चं, अमेरिकेतलं. मार्था रोस्लरची ‘स्वयंपाकघराचं चिन्हशास्त्र’ ही जेमतेम सहा मिनिटांची व्हिडिओ. इथं गोष्टीची जागा इंग्रजी बाराखडीनं घेतली आहे. टीव्हीवरच्या पाककृतीच्या बाईसारखी ती टेबलामागे उभी राहते. ए म्हणजे ॲप्रन, तो घालते. बी म्हणजे बाउल. असं एकेक भांडं-हत्यार उचलून दाखवते. पण हातवारे पाककृतीचे नसतात. सुरी हवेत खुपसते. डावातलं, जणू काही भरलेलं आहे असं, बाजूला भिरकावून देते. शेवटच्या अक्षरांना तर तिचं अंगच अक्षरं होतं. प्रत्येक अक्षराला राग एकेक अंशानं वाढतो. आणि सगळं झाल्यावर ती खांदे उडवते, ‘माझं काय, मी तर बाराखडी म्हटली!’ ए नंतर बी येणारच हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे ‘पुढे काय’ ही उत्सुकता संपते आणि ‘कसं’ एवढंच उरतं. रोजच्या स्वयंपाकाचंही तसंच आहे. पुढे काय ते पाठ असतं.

म्हणजे एकाच सुमारास तीन वाटा. एकीनं वेळ कापायचं नाकारलं. दुसऱ्यांनी धावता वेळ अडवून धरला. तिसरीनं ठरलेल्या क्रमात राग भरला. ‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे काहीतरी शहाण्यासुरत्या लोकांचं, समजू नये म्हणून केलेलं. या तिघींना मात्र काहीतरी सांगायचं होतं आणि चालू पद्धतीच्या गोष्टीत ते मावत नव्हतं.

आपल्याकडेही वाट बघणाऱ्या बाईवर असा चित्रपट झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, १९६९ चा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्यावर उभी राहते. एक दिवस तिला उशीर होतो आणि नवरा रोटी न घेताच रागानं बस पुढे नेतो. ती तिथंच उभी. घडलेलं काय आणि तिच्या मनातलं काय, यांत चित्रपट सीमारेषा आखत नाही, कारण वाट बघणाऱ्या बाईच्याही मनात ती नसते. त्याही चित्रपटाला कंटाळवाणा म्हणून नावं ठेवली गेली. माझा एक आक्षेप मात्र आहे. बालो हळूहळू एखाद्या चित्रासारखी सुंदर होत जाते आणि तिच्या दुखणाऱ्या पायांचा विसर पडतो. जानच्या बाबतीत मला पायांचा विसर पडला नाही. तुम्हाला वेगळं वाटेल. दोन्ही बघा आणि भांडा माझ्याशी.

आता काल तुम्ही घेतलेल्या हरकतींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत.

पहिली हरकत. संथ चित्रपट बघायला फुरसत लागते, आणि जिच्यावर हा चित्रपट आहे तिलाच ती नाही. मान्य. त्यामुळे संथपणाला मी सद्गुण मानत नाही. पैसेवाल्यांच्या महोत्सवात डुलक्या काढत बघायचे संथ चित्रपट पुष्कळ आहेत आणि त्यातले काही नुसतेच संथ आहेत. पण एक आकडा सांगते. २०१९ मध्ये सरकारनं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांचा, म्हणजे जे करतात त्यांचा, ९७ मिनिटं. आणि अशी कामं करणाऱ्या बाया शंभरात एक्याऐंशी, पुरुष सव्वीस. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटं होते. आता चित्रपटाशी ताडून बघा. चित्रपट २०१ मिनिटांचा. जो आपल्याला ‘न संपणारा’ वाटला, तो एका बाईच्या एका दिवसाच्या घरकामापेक्षाही तास-दीड तासानं छोटा आहे. बघायला असह्य होतं ते करायला सह्य कसं काय? कालचा कंटाळा घरी घेऊन जा आणि घरातल्या पुरुषमंडळींना वाटा.

दुसरी हरकत. शेवटी खून कशाला? इतकं साधलं होतं तर रक्ताची गरज काय? यावर स्त्रीवाद्यांमध्येही दुमत आहे. काहींना ते बंड वाटतं. मला तसं म्हणवत नाही. ती मोकळी झालेली नाही. उद्या मुलाचं काय, हा प्रश्न त्या अंधारात तिच्यासमोर बसलेला आहे. मला ते वेळापत्रक फुटल्याचा आवाज वाटतो. आपल्या सल्ला केंद्रात येणारी बाई कधीकधी म्हणते, ‘‘काय झालं कळलंच नाही, हातून ताट भिरकावलं गेलं.’’ पोलीस आणि सासरचे त्या ताटापासून गोष्ट सुरू करतात. आपण विचारतो, ‘‘आदल्या दिवशी काय झालं? त्याच्या आदल्या दिवशी?’’ हा चित्रपटही तसंच आदल्या दिवसापासून सुरू होतो. केस-पेपर लिहिणारीनं तो बघावा तो त्यासाठी.

२०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट पहिला आला. १९५२ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या या कौलात बाईनं केलेला चित्रपट प्रथमच वरच्या जागी बसला. आनंद आहे. पण पहिला नंबर येऊन भांडी घासून होत नाहीत. आपल्याला त्यातून काय घेता येईल ते बघू.

आज आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. टेपेचं भाडं नाही, एडिटिंगच्या खोलीचं भाडं नाही. पण घाई आधीपेक्षा वाढली आहे. तीस सेकंदांत सांगा, नाहीतर बोट पुढे सरकतं. आपल्या मुलीही मोर्चाची चित्रफीत करतात तेव्हा घोषणा, झेंडे, टाळ्या, भाषण जोडतात. पहाटे साडेतीनला उठून भाकऱ्या थापून, तीन गाड्या बदलून मोर्चाला आलेल्या बाईची पहाट कापली जाते. सगळं लांब करा असं माझं म्हणणं नाही. एक काम करा. कापायच्या आधी कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. कामाला प्रत्यक्षात किती वेळ लागला, आणि आपण पडद्यावर किती दिला. साहेबाला किती मिनिटं, पाण्याला किती. एक दृश्य तरी असं ठेवा की ज्यात काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल, एकच भाकरी का असेना, पण पीठ मळण्यापासून तव्यावर फुगेपर्यंत. आणि जिथं कुणी आपल्याला हसण्यावारी नेलं, तिथं ते चित्र थांबवायला शिका.

त्या वाडीतल्या चित्रणाच्या मूळ टेपा माझ्याकडे आहेत. काहींना बुरशी लागली आहे. एक टेप एका मैत्रिणीनं साफ करून संगणकावर उतरवून दिली आहे, त्यात पहिल्या खेपेचा बराच भाग शाबूत आहे. नंबर लावून बसलेल्या बाया, खळग्यात पाझरणारं पाणी, वाटीचा आवाज. काही घडत नाही. एक हंडा भरतो, एवढंच. ती फिल्म पुन्हा जुळवायची असं मनात आहे. या वेळी काय कापायचं ते ठरवताना त्या वाडीतल्या दोघीतिघी शेजारी बसलेल्या असाव्यात, अशी इच्छा आहे. त्यांनी साहेबांची चार मिनिटं ठेवली, तर तेही मी ऐकीन.

काल आधी उठून गेलात त्यांनी आधी बोला. कुठल्या क्षणी उठावंसं वाटलं, तिथून सुरुवात करू.